दोन जावयांचा एक मॉनिटर

भागीरथीबाईंना दोन जावई होते आणि दोघेही कॉम्प्युटरचं सामान विकत होते. यात बाईंचा काही दोष नव्हता. मुली दिल्या तेव्हा थोरला महेश सुरतेत कतारगामला हिरे घासत होता आणि धाकटा सागर कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर होता. पुढे दोघांनीही ती कामं सोडली आणि एकमेकांना न विचारता दुकानं काढली. महेशच्या दुकानावर कॅलिस कंपनीची पाटी लागली, सागरच्या दुकानावर झॉर्कची. या दोन कंपन्या जगभर एकमेकींना पाण्यात पाहतात, हे भेस्तानच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या बाईंना कुणी सांगितलं नव्हतं.

जावयांत दुजाभाव करायचा नाही, हा मात्र बाईंचा पक्का नेम. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोघांना एकाच ताग्यातलं शर्टाचं कापड. आमरस वाढायचा तर दोन्ही वाट्या शेजारी ठेवून, खाली वाकून, डोळ्यांनी पातळी जुळवायची. मुली हसायच्या. पण आपण एकाकडे जरा जास्त झुकलो तर दुसऱ्या लेकीला सासरी त्याचा चटका बसेल, ही धास्ती बाईंना खरोखर होती.

त्यात शेंडेफळ धनश्रीने कॉम्प्युटरचं काढलं. पोरगी मिलमध्ये दहा-दहा तास उभी राहून साड्यांच्या घड्या तपासत होती आणि सुट्टीच्या दिवशी क्लासला जाऊन साडीचं डिझाइन शिकत होती. जयसुखभाई नावाच्या व्यापाऱ्याने तिला एक संधी दिली होती. रविवारी ते घरी येणार, धनश्रीने काढलेली साडी मॉडेलच्या अंगावर, म्हणजे स्क्रीनवरच, चालताना बघणार. पसंत पडली तर बारा महिने घरबसल्या काम. नाही तर पुन्हा मिल. रोज संध्याकाळी पोरीचे सुजलेले पाय बाईच शेकून द्यायच्या, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

प्रश्न होता तो खरेदी कुणाकडून करायची हा. बाईंनी रात्रभर विचार केला आणि सकाळी तोड काढली. मॉनिटर महेशकडून घ्यायचा आणि कॉम्प्युटरच्या पोटात बसणारं, चित्रं तयार करणारं कार्ड सागरकडून. कॉम्प्युटरचा डबा क्लासच्या मैत्रिणीचा जुना मिळाला. दुसऱ्याला वाईट वाटायला नको म्हणून बाकीचं कुठून घेतलं हे त्यांनी दोघांनाही सांगितलं नाही. एवढा मुत्सद्दीपणा केल्यावर त्यांनी स्वतःसाठी खास चहा ठेवला.

गुरुवारी धनश्रीने सगळं जोडलं. पडद्यावर मोरपिशी साडीतली बाई अवतरली. भागीरथीबाईंनी कौतुकाने हात जोडले. बाई झपझप निघाली आणि दोन पावलं टाकताच तिचा पदर कमरेशी फाटला. वरचा अर्धा पुढे गेला, खालचा अर्धा मागे राहिला.

"हाई काय व्हयनं वं?" बाई ओरडल्या. "साडी फाटनी!"

"साडी नही फाटनी, माय. चित्र फाटी ऱ्हायनं," धनश्री रडवेल्या आवाजात म्हणाली.

बाईंनी आधी महेशला फोन लावला. कार्ड झॉर्कचं आहे म्हटल्यावर त्याचा आवाज एकदम दुकानदाराचा झाला.

"आई, आमच्या मॉनिटरमध्ये कंपनीची स्वतःची चिप असते. ती फक्त आमच्याच कार्डाचं ऐकते. त्या झॉर्कवाल्याचं कशाला ऐकेल? कार्ड बदला."

मग सागरला लावला. "आमचं खुल्ला काम आहे, आई. कुठल्याही कंपनीने यावं, मॉनिटर बनवावा, आम्ही काही मागत नाही. पण कॅलिसवाले दार लावून बसतात. मॉनिटर बदला."

धनश्रीने आईला सोपं करून सांगितलं. साडीची घडी घालताना दोघी दोन टोकं धरतात, एकीने पाऊल टाकलं की दुसरीने टाकायला हवं. इथे कार्ड एक टोक धरून आहे, मॉनिटर दुसरं, आणि दोघांचं बोलणंच नाही. बाईंना ते लगेच पटलं. घरात तेच चाललं होतं.

रविवारी सकाळी दहाला दोन्ही जावई एकाच वेळी दारात हजर झाले. महेशच्या हातात कॅलिसचं कार्ड, सागरच्या डोक्यावर झॉर्कला चालणारा नवा मॉनिटर. खरं तर कुठलंही एक बसवलं असतं तरी पाच मिनिटांत काम झालं असतं. पण महेशचं कार्ड बसवलं तर सागरचं कार्ड खोक्यात जाणार, आणि सागरचा मॉनिटर लावला तर महेशचा मॉनिटर माळ्यावर.

"सागरराव, तुम्ही लहान आहात, तुमचा मान आधी," महेश म्हणाला आणि त्याने सागरच्या कार्डाचे स्क्रू काढायला सुरुवात केली.

"नाही नाही, तुम्ही मोठे," सागर म्हणाला आणि त्याने महेशच्या मॉनिटरची वायर उपटली.

"तुमच्या खुल्ल्या मालाची गॅरंटी कोण घेणार? बोला ना!"

"आणि तुमच्याकडे एकदा शिरलं की माणूस बाहेर कसा येणार ते पण बोला!"

तेवढ्यात थोरल्या लेकीचा, रुपालीचा फोन आला. "माय, यांचा माल परत पाठवशील तर हे महिनाभर तोंड फुगवतील." तो ठेवतात तोच सागरच्या योगिताचा. तिचंही हेच, फक्त महिन्याऐवजी दोन. मग दोन्ही जावई बाईंकडे वळून अतिशय नम्रपणे म्हणाले, "आई, तुम्ही म्हणाल तसं."

बाई चहा टाकायला वळल्या. धनश्रीने गुपचूप जुनीच वायर पुन्हा लावली, आणि त्याच वेळी खाली स्कूटर थांबली. जयसुखभाई दिलेल्या वेळेच्या तासभर आधी आले होते.

शेठ घरातल्या एकुलत्या एका गादीच्या खुर्चीत बसले. दोन्ही जावई प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर, एकमेकांकडे पाठ करून. मोरपिशी साडीवाली तरातरा निघाली आणि पदर फाटला.

"बेन, आ साडी वच्चेथी फाटेली केम छे?" शेठनी चष्मा पुसून, साडीच्या मधोमध बोट दाखवत विचारलं.

"कार्ड!" महेश म्हणाला.

"मॉनिटर!" सागर म्हणाला.

धनश्रीने मान खाली घातली. ती चित्र बंद करायला निघाली. भागीरथीबाईंनी ते पाहिलं आणि त्यांना आतून असा काही संताप आला की जावई, मान, दुजाभाव, सगळं क्षणभर विसरायला झालं. त्या पदर खोचून पडद्यासमोर आल्या. तो राग कुठे काढावा कळेना, म्हणून तो त्या चित्रातल्या बाईवरच निघाला.

"नवी साडी नेसीसन कोणी पयस का?" त्या कडाडल्या. "हाई काय बस पकडी ऱ्हायनी? धीरे चालू दे तिले!"

धनश्रीने आधी आईकडे पाहिलं, मग पडद्याकडे. चालण्याचा वेग निम्मा केला. मग आणखी निम्मा. मोरपिशी बाई आता सावकाश, लग्नात मांडवातून चालावं तशी चालू लागली. फाटलेल्या जागी बारीकशी रेघ थरथरली आणि मग तीही दिसेनाशी झाली.

"थोडं फिरव," बाई म्हणाल्या. "पहिले निऱ्या दाखाड. मंग पदर."

शेठ पुढे वाकले. पडद्यावरच्या किनारीवरून त्यांनी बोट फिरवलं.

"दस डिझाइनर देखे मैंने," शेठ अखेर म्हणाले. "सबकी मॉडेल ऐसे भागती है कि किनार दिखती ही नहीं. पहली बार साडी देखी." ते धनश्रीकडे वळले. "बारा नहीं बेटा, चोवीस महिना. काम तुम्हारा. पर ये चाल किसने बताई?"

धनश्रीने आईकडे बोट दाखवलं.

"बेन, तमे शुं करो छो?"

"बावीस वर्षं साड्यांना टिकल्या लावते," बाई ओशाळून म्हणाल्या.

"बस, मग तुम्ही इथेच बसायचं. हर डिझाइन तुमच्या नजरेखालून. पगार अलग देणार," शेठ उठत म्हणाले. "इनको बैठने के लिए अच्छी खुर्ची दो."

शब्द संपायच्या आत दोन्ही जावई ताडकन उभे राहिले. महेशने आपली खुर्ची पुढे सरकवली, सागरने आपली. "आई, इथं बसा." "आई, इकडे." दोघांनीही रुमालाने खुर्ची पुसली. दोघांचेही डोळे बाईंच्या पावलांकडे लागले.

भागीरथीबाईंनी एकदा या खुर्चीकडे पाहिलं, एकदा त्या. मग पदर सावरला आणि, स्वतःच्याच सांगण्याप्रमाणे अगदी सावकाश चालत, शेठनी नुकत्याच रिकाम्या केलेल्या गादीच्या खुर्चीत जाऊन बसल्या.