गनीभाईंची खुंटी

विष्णुपंतांच्या बोटीचं सुकाणू मे महिन्यात तुटलं. नवं कुठलं घ्यावं हे ऑक्टोबर उजाडला तरी ठरेना, तेव्हा विजयाबाई म्हणाल्या, "आपलं लग्न तुम्ही वीस मिनिटांत ठरवलंत. त्यातली दहा तर पोहे खाण्यात गेली."

"लग्नात एवढे प्रकार नव्हते," विष्णुपंत वहीतून मान वर न काढता म्हणाले.

भिंगारच्या लष्करी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस शिडाची बोट पाळतो, हे नातेवाइकांना अजून पचलेलं नव्हतं. बदली होऊन गेलेल्या एका कर्नलसाहेबांची ती छोटी बोट पंतांनी सात वर्षांपूर्वी घेतली. आत दोघांना झोपता येईल एवढी खोली होती. मुळा धरणाच्या फुगवट्यात ती उभी असे. पंतांनी तिचं नाव 'विजया' ठेवलं, पण तेवढ्यानं विजयाबाई विरघळल्या नाहीत. सात वर्षांत त्यांनी बोटीत पाऊल ठेवलं नव्हतं. मे महिन्यात पाणी उतरलं, बुडालेल्या गावातल्या विहिरीचा कठडा वर आला आणि त्यावर आपटून सुकाणूचे दोन तुकडे झाले.

मग वही सुरू झाली. फायबरचं, धातूचं, लाकडाचं. वर उचलता येणारं, न येणारं. प्रत्येकाचे गुण निळ्या शाईत, दोष लाल शाईत. कचेरीतल्या फायलींवरसुद्धा पंतांनी इतकं सुंदर अक्षर काढलं नसेल.

तेवढ्यात विजयाबाईंचा भाचा अवधूत आला. नगर-मनमाड रस्त्यावर त्याचं हॉटेल होतं. "काका, बोट मला द्या. लॉनवर ठेवतो. आत दोन टेबलं मस्त बसतील. लोक मिसळ खातील, फोटो काढतील."

पंतांचा चेहरा पडला. आपल्या बोटीत कुणी पाव मागतंय, हे चित्र त्यांना सहन होईना.

विजयाबाईंनी निकाल दिला. "दिवाळीनंतरचा पहिला रविवार. मला समोरच्या काठाला न्या आणि धड परत आणा. नाही जमलं, तर अवधूत, तू टेम्पो घेऊन ये."

वही मिटली. पंत तडक भिंगारच्या जुन्या बाजारात गनीभाईंकडे गेले. गनीभाई दारं-खिडक्या करायचे, आणि त्यांनी बसवलेलं दार तीस वर्षांत कुरकुरल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं. त्यांनी तुटके तुकडे जुळवून पाहिले, अंगठ्यानं कड चाचपली. "सागवानाचं करतो. बिजागरीवर लटकलेलं दारच हाय की हे. पान्यातलं, एवढाच फरक."

आणि काय सुकाणू केलं त्या माणसानं! गुळगुळीत, तोललेलं, बोटाच्या टोकानं हलणारं. पंत धरणावर जाऊन नुसते त्यावरून हात फिरवत बसले. शनिवारी संध्याकाळी शेवटचा हात मारायला गनीभाई एकटेच धरणावर थांबले.

रविवारी काठावर टेम्पो हजर होता. अवधूत दोर घेऊन, गनीभाई हात मागे बांधून उभे होते. विजयाबाई लाइफजॅकेट घालून, पर्स घट्ट धरून चढल्या. वारा भरला आणि बोट निघाली. मासेमारीची जाळी टाळायला पंतांनी सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला. दांडा डावीकडे लोटला की बोट उजवीकडे वळते, ही शिडाच्या बोटीची रीत. सात वर्षांत ती पंतांच्या हाडात मुरली होती.

बोट डावीकडे वळली. थेट जाळ्यात.

पंतांनी जाळी सोडवली, घाबरून दांडा आणखी जोरात ढकलला. बोट गर्रकन फिरून काठाकडेच निघाली. अवधूतनं मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं.

"गनीभाई!" पंत ओरडले. "उलटी चाललीय ही!"

"न्हाई पंत, सरळ चाललीय!" गनीभाई अभिमानानं ओरडले. "काल कोळ्याला वल्हं मारायला लावून बघितलं. दांडा डावीकडं, तर बोट उजवीकडं! मला लई लाज वाटली. असलं उलटं काम माझ्या हातनं? मग दांड्याचे दोन भाग केले, मधी खुंटी बसवली. आता हात जिकडं, बोट तिकडं!"

पंतांनी खाली पाहिलं. दांडा खरोखर मधल्या खुंटीवर तोलला होता. पुढचं टोक डावीकडे गेलं की मागचं उजवीकडे जायचं आणि सुकाणू निमूट उलटं वळायचं. इतकी सफाईदार जोडणी की संताप येण्याआधी कौतुकच वाटलं. पण हात ऐकेना. डोकं म्हणे डावीकडे, हात जाई उजवीकडे. बोटीनं तिसरी गिरकी घेतली. पंतांच्या डोळ्यांपुढे मिसळीची टेबलं आली आणि त्यांचे डोळे भरून आले.

विजयाबाईंनी ते पाहिलं. त्यांनी पर्स पंतांच्या मांडीवर ठेवली.

"सरका जरा."

"अगं, तुला यातलं काय..."

"अठ्ठावीस वर्षं भिंगारच्या बाजारातून स्कूटी चालवतेय मी. तुम्ही ते कापड सांभाळा."

त्यांनी जिकडे जायचं तिकडे दांडा वळवला आणि 'विजया' गुमान तिकडे निघाली. समोरचा काठ आला. विजयाबाई उतरल्यासुद्धा नाहीत. ऐटीत वळसा घेऊन परत आल्या आणि बोट काठाला अशी लावली की पाण्याचा थेंब उडाला नाही. पंत शीड धरून बायकोकडे बघतच राहिले.

"मावशी, चढवू का टेम्पोत?" अवधूतनं विचारलं.

"हात लावून बघ," विजयाबाई म्हणाल्या.

पंतांना हायसं वाटलं. मग ते गनीभाईंना हळूच बाजूला घेऊन म्हणाले, "अप्रतिम काम. पण उद्या तेवढी खुंटी काढून टाका. मला चालवता आली पाहिजे ना."

गनीभाईंनी कानाला हात लावला. "वयनींना इचारा. दांडा त्यांच्या हातात हाय."

पंतांनी विचारलं. विजयाबाईंनी पर्स मागून घेतली.

"घरी गेल्यावर तुमची ती वही द्या," त्या म्हणाल्या. "ठेवायची की काढायची, नीट लिहून बघते. पाच महिने तरी लागतील."