एमपी-फोर करून घ्या

नानांनी कॅमेऱ्यातून थेट चढवलेला शिवणवर्गाचा पहिलाच धडा वेबसाइटने परत पाठवला. ‘हा फॉरमॅट चालत नाही,’ एवढंच पडद्यावर आलं. नानांना ते फार लागलं. बायकोचं काम कुणी नापसंत करण्याची ही पहिलीच वेळ होती. आजवर दुसऱ्यांच्या शिवणी उसवून परत देण्याचा मान तिचा होता.

तिला जाऊन चार महिने झाले होते. वर्गातल्या बायकांना तिने शब्द दिला होता, की तुमचं शिकणं अर्धवट सोडणार नाही. म्हणून आजारपणात, उशीला टेकून, तिने अकरा धडे कॅमेऱ्यापुढे सांगितले. कॅमेऱ्यामागे नाना. तिचा आवाज आता त्या कॅमेऱ्यातल्या एका कार्डावरच उरला होता. नाना हे कुणाला बोलून दाखवत नसत, पण कॅमेरा रोज पुसून ठेवत.

त्यांनी लेकीला फोन लावला.

“बाबा, चित्र एकदम स्पष्ट हवं हं,” लेक म्हणाली. “आईचा टाका न् टाका दिसला पाहिजे.”

“दिसेल गं, पण फाइल जड झाली की व्हिडिओ अडकत अडकत चालतो,” मागून जावई म्हणाला. “आईंचा हात वर गेला की तिथंच राहील.”

“माझ्या आईचा हात कधी अडकला नाही!” लेकीने ठणकावलं.

मग नवराबायकोत फॉरमॅटवरून चांगलीच जुंपली. हा जड, तो हलका, हा जुन्या फोनवर चालत नाही, तो चालतो पण रंग उडवतो. नाना फोन कानाला लावून गुपचूप ऐकत होते. शेवटी जावयाने निकाल दिला.

“बाबा, लिहून घ्या. सगळ्या फाइल एमपी-फोर फॉरमॅट करून घ्या, मग साइटवर चढवा. तो कुठंही चालतो.”

नानांनी लिहून घेतलं. चौतीस वर्षं त्यांनी टायपिस्टची नोकरी केली होती. ‘मयत कर्मचाऱ्याने सोमवारी समक्ष हजर राहावे’ असं साहेबांनी सांगितलं, तर तसंच टाइप करून खाली सहीला जागा सोडणारा माणूस. सांगणाऱ्याने सांगावं, आपण बोटं चालवावीत.

कॉम्प्युटरवर त्यांना ‘फॉरमॅट करा’ कुठं दिसेना. कॅमेऱ्यात मात्र ते अगदी ठळक अक्षरांत होतं. त्यांनी दाबलं. ‘कार्डावरचं सगळं जाईल, चालेल का?’ असं यंत्राने विचारलं. जुना फॉरमॅट गेल्याशिवाय नवा येणार कसा, असा सरळ विचार करून नानांनी ‘हो’ दाबलं. मग नवा फॉरमॅट नीट बसलाय का हे बघायला रेकॉर्डिंग सुरू केलं, आणि कॅमेरा टेबलावर ठेवून गेले ते जेवण, वामकुक्षी उरकूनच परत आले. मग त्यांनी जावयाला फोन लावला.

“जावईबापू, झालं बरं का फॉरमॅट.”

“अकराही? इतक्यात?”

“एका बटणात.”

“कुठलं बटण, बाबा?”

“फॉरमॅट.”

“अहो, ते फॉरमॅट वेगळं! ते पुसायचं!”

“तुम्हीच सांगितलंत. लिहून घेतलंय मी.”

“बरं, घाबरू नका. पुसलेलं परत मिळतं. फक्त त्या कार्डावर आता नवीन काही रेकॉर्ड करू नका.”

नानांनी टेबलावरच्या कॅमेऱ्याकडे बघितलं. “केलंय.”

“काय केलंय?”

“भिंत. दोन तास.”

कार्ड दुकानात देऊन आल्यावर दोन दिवस नानांनी कॅमेरा पुसला नाही. ती एकदा आजाराने गेली होती. दुसऱ्यांदा आपण घालवली, हे त्यांच्या मनातून हलेना. तिसऱ्या दिवशी, पुसलेलं परत काढून देणाऱ्या दुकानदाराने त्यांना बोलावलं.

“काका, भिंत अख्खी मिळाली! पोपडासुद्धा स्पष्ट दिसतोय.”

“ती घरी आहे माझ्याकडे. धडे?”

दुकानदाराचा चेहरा उतरला. “ते भिंतीखाली गेले. मागे एकच तुकडा वाचलाय, बघा.”

तो अकरांबाहेरचा, बारावा होता. बिघडलेला. ‘हा पुसून टाका’ असं तिने तेव्हाच बजावलं होतं, पण पुसायचं कसं हे नानांना त्या वेळी सापडलं नव्हतं. तुकडा चालू करायला त्यांनी माउस हातात घेतला.

पडद्यावर ती कॉलर उलटी करून दाखवत होती. तेवढ्यात मागून नानांचाच आवाज आला, “पाणी देऊ का गं?” तिने कात्री खाली ठेवली.

“अहो, मधे बोलू नका म्हणून किती वेळा सांगायचं? गेलं ना सगळं वाया! आणि त्या यंत्राला मला विचारल्याशिवाय हात लावत जाऊ नका. काहीतरी करून बसाल.”

नानांनी माउसवरचा हात झटकन मागे घेतला.

“काका, वेबसाइटसाठी ना हे?” दुकानदाराने विचारलं. “एमपी-फोर करून देऊ?”

“मधे बोलू नका,” नाना म्हणाले, आणि तिचं रागावणं संपेपर्यंत दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले.