पुसायचं ते राहिलं

"आधी कडू लिहून काढ. सगळं. मग ते पुसून टाक, आणि त्यानंतरच लोकांना दाखवायचं ते लिहायला घे."

हे माझ्या वडिलांचं सांगणं. कचेरीत लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायचं काम त्यांच्याकडे होतं. आधी एका कागदावर तक्रार करणाऱ्याचा यथेच्छ उद्धार करायचा, तो कागद बारीक फाडायचा, आणि मग दुसऱ्या कागदावर 'आपले पत्र पावले, आनंद झाला' असं सुरू करायचं. निवृत्त होईपर्यंत त्यांच्यावर कुणी रागावलं नाही. त्यांची कचऱ्याची टोपली मात्र कायम ओसंडत असे.

वर्षापूर्वी मी 'शांत सकाळ' नावाचं न्यूजलेटर सुरू केलं, तेव्हा हाच नेम धरला. दर आठवड्याला आधी मनातलं कडू लिहायचं, ते पुसायचं, मग गोड लिहायचं. ते गोड सकाळी आपोआप वाचकांच्या ई-मेलवर जातं. वर्षभरात मी दोन गोष्टी सांभाळल्या, आणि देवाने क्षमा करावी, पण मला त्यांचा थोडा ताठाही आला होता. एक म्हणजे उठल्यापासून प्रार्थना संपेपर्यंतचं मौन. ते एकदाही मोडलं नाही. दुसरं म्हणजे, माझ्या लिहिण्याने कुणाचंही मन दुखावलं नाही. वर्षपूर्तीच्या पत्रात हे दोन्ही मी अगदी नम्रपणे, पण ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

आता माझ्या थोरल्या जाऊबाईंबद्दल सांगायला हवं. त्या समोरच्याच दारात राहतात. दोन दारांमध्ये एक पायपुसणं मावेल एवढंच अंतर, आणि ते पायपुसणंही त्यांनीच निवडलेलं. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांना वाचायला त्रास होतो, म्हणून थोरले दीर त्यांना नाश्त्याच्या वेळी माझं पत्र मोठ्याने वाचून दाखवतात. न्यूजलेटर सुरू कर म्हणून माझ्या मागे लागल्या त्याही त्याच. अलीकडे त्यांची मुलगी त्यांना आपल्याकडे कायमचं राहायला बोलावत होती. "जायला हरकत नाही गं," त्या मला म्हणायच्या, "पण तिथे मला ओळखणारं कोण आहे?" मी दरवेळी हसून विषय बदलत असे, आणि रात्री देवाला सांगत असे की त्यांना जाऊ देऊ नकोस.

आणि तरीही, दर आठवड्याचं माझं कडू असे ते त्यांच्याबद्दलच! जवळच्या माणसाइतकं हाताशी दुसरं कोण असतं?

वर्षपूर्तीचं कडू जरा लांबलं. वर्षभराचं साचलेलं होतं ना. ते न पुसताच मी गोड लिहायला घेतलं, ते संपवलं, आणि कडूत अजून एक वाक्य घालावंसं वाटलं म्हणून परत त्याच्याकडे वळले. 'त्या गेल्या तर' एवढं लिहिलं, आणि मानेमागून आवाज आला, "दूध उतू जाणार हं तुझं."

जाऊबाई! दार न वाजवता आत आलेल्या, नेहमीप्रमाणे. मी उंदीर दिसल्यासारखी खुर्चीतून उडाले. न बघताच एक मसुदा पुसला, दुसऱ्याला सकाळी जायला सांगितलं आणि लॅपटॉप मिटला. त्यांनी गॅस बारीक केला, रोजच्यासारखा फ्रिज उघडला, आतलं लिंबू हुंगून परत ठेवलं आणि निघून गेल्या.

सकाळी मी डोळे मिटून प्रार्थनेला बसले होते. मौन चालू होतं. मौनात मी फोनलाही हात लावत नाही. इतक्यात स्वयंपाकघरातून नवऱ्याचं हसणं ऐकू आलं. माझं न्यूजलेटर वाचून तो कधीच हसत नाही. त्याला जांभई येते. मग तो मोठ्याने वाचू लागला, "'दार वाजवणं हे परक्यांसाठी असतं, आणि या जगात परकं कुणीच नाही, असं माझ्या जाऊबाईंचं मत आहे.'"

मी तशीच उठून स्वयंपाकघरात गेले. त्याच्या हातातल्या फोनवर माझं कडू होतं, सगळ्या वाचकांना गेलेलं. पुसलं होतं ते गोड!

"अगं, काय हिंमत तुझी," तो म्हणाला. "वहिनीला हे कुणीतरी सांगायलाच हवं होतं. आम्ही भाऊ इतकी वर्षं गप्प बसलो, आणि तू, जिचा आवाज भिंतीलाही ऐकू जात नाही, तू हे लिहिलंस?"

मी जोरजोरात मान हलवली. समोरच्या दाराकडे बोट दाखवलं, कानावर हात ठेवले, मग दोन्ही हात जोडले. म्हणजे, त्यांच्या कानावर हे जाता कामा नये, पाया पडते. त्याने गंभीरपणे मान डोलावली, भावाला फोन लावला आणि म्हणाला, "दादा, आजचं नीट मोठ्याने वाच. ती हात जोडून सांगतेय."

घरात माणसं असताना बाईने मौन का धरू नये, हे मला त्या क्षणी कळलं.

मी धावले. समोरचं दार मी वाजवलं, घाईतही वाजवलं. आत जाऊबाई टेबलाशी बसल्या होत्या, हात मांडीवर, डोळे मिटून, लहान मुलं गोष्ट ऐकायला बसतात तशा. दीर बातम्या देणाऱ्याच्या सुरात वाचत होते. फ्रिज हुंगण्याचा परिच्छेद संपत आला होता. मी त्यांच्यासमोर उभी राहून हात खाली-वर केले. थांबा, थांबा. ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. "सावकाश वाचू? बरं, मग पहिल्यापासून घेतो," म्हणाले, आणि त्यांनी पहिल्यापासून घेतलं.

पुन्हा दार आलं. पुन्हा लिंबू आलं. आमच्या लग्नाच्या पडद्यांचा रंग त्यांनी परस्पर बदलून आणला होता तेही आलं. 'मी वाक्य सुरू करते आणि त्या संपवतात. एखाद दिवशी माझी प्रार्थनाही संपवून टाकतील.' एक शब्द बोलले असते तर वाचन थांबलं असतं. पण माझा नेम! वर्षभराचा नेम! मी देवाकडे बघत होते आणि देव, मला वाटतं, पुढे काय येतंय ते ऐकत होता.

जाऊबाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती. ते सगळ्यात वाईट होतं. त्या ओरडल्या असत्या तर मी जगले असते.

"'आता मुलीकडे जाणार म्हणतात,'" दीर वाचत होते. "'जाऊ देत. घरात शांतता तरी येईल. त्या गेल्या तर…'" ते थांबले. फोनवरचा मजकूर वर सरकवला, खाली सरकवला. "संपलं. इथेच तुटलंय."

जाऊबाईंनी डोळे उघडले आणि नेमकं माझ्याकडे पाहिलं.

"तर? त्या गेल्या तर काय?"

माझं वाक्य संपवायची इतकी वर्षांची सवय, आणि नेमकं आज त्यांनी ते संपवलं नाही. मी खुणा करायला हात उचलले. पण त्याला खूण कुठली असते?

"तर मी चिडू कुणावर?" मी म्हणाले.

माझाच आवाज मला परका वाटला. जाऊबाई हळूच म्हणाल्या, "मौन मोडलंस."

"हो."

"प्रार्थना झाली होती?"

"नाही."

त्यांनी नाक ओढलं, पदराने डोळे टिपले आणि ऑपरेशननंतर असं पाणी येतंच, असं दिरांना बजावलं. मग माझ्याकडे वळल्या. प्रायश्चित्त त्याच सांगणार होत्या, हे ओघानेच आलं. पुढच्या आठवड्याचं पत्र त्या सांगतील आणि मी लिहून घेईन. माझ्याबद्दल. त्यांचं कडू. "आणि पुसायचं नाही," त्या म्हणाल्या. "वचन दे."

मी दिलं. न देऊन सांगते कुणाला?

घरी येऊन मी प्रार्थना पूर्ण केली आणि दोन्ही ताठ्यांबद्दल देवाची क्षमा मागितली. नवरा वाचकांची उत्तरं बघत होता. वर्षभर जे कधी एक ओळ लिहीत नव्हते, ते सगळे विचारत होते, जाऊबाई पुन्हा कधी? 'शांत सकाळ'बद्दल कुणीच विचारलं नव्हतं.

दुपारी जिन्यातून जाऊबाईंचा फोनवरचा आवाज आला. मुलीशी बोलत होत्या. कान देऊन ऐकणं बरं नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्यांचा आवाज ऐकायला कान द्यावे लागत नाहीत.

"इतक्यात नाही गं येत. तुझ्या काकूबद्दल पत्रात सांगायचंय. एका आठवड्यात मावायचं नाही, ठेवणीतलं बरंच आहे."

मी लॅपटॉप बगलेत घेतला, चष्मा घेतला, आपलं दार हलकेच ओढून घेतलं. समोरच्या दाराशी सवयीने हात उचलला.

मग तो खाली घेतला आणि न वाजवताच दार ढकललं.