गच्चीवरच्या उबेची सुरक्षित व्यवस्था

थंडीच्या दिवसांत सभासदांना संध्याकाळी गच्चीवर एकत्र बसता यावं, या उदात्त हेतूनं इमारतीच्या समितीनं गॅसवर चालणारा एक हीटर आणला. बुडाशी सिलिंडर, वर माणसाहून उंच खांब आणि खांबावर पत्र्याची छत्री. अध्यक्षांनी फीत कापली, चिटणिसांनी आभार मानले आणि हीटर कसा पेटवायचा ते समितीत कोणालाच ठाऊक नसल्याचं तेव्हा लक्षात आलं.

सोबतची माहितीपुस्तिका एकाच व्यक्तीनं वाचली होती. ती म्हणजे भिंगरीची आई. भिंगरी अडीच वर्षांची. ‘गरम’ हा शब्द तिला येत होता, पण तो हात लावून झाल्यावर म्हणायचा असतो अशी तिची समजूत होती. त्यामुळे कोणतीही नवी वस्तू आली की आई आधी तिची माहितीपुस्तिका वाचून काढायची. नवरा तिला ‘काळजीवाहू सरकार’ म्हणायचा.

“पाइप गळत नाही ना, ते तपासलंत का?” तिनं विचारलं.

“आत्ता तपासतो की, वहिनी,” म्हणत अध्यक्षांनी खिशातून काडेपेटी काढली.

तिनं ती हिसकावूनच घेतली. “अहो, काडीनं नाही! साबणाचं पाणी लावून बघायचं असतं.”

साबणाचं पाणी आलं. पाइपाच्या जोडावर असे काही बुडबुडे उसळले की पोराटोरांनी टाळ्या पिटल्या.

“आले!” अध्यक्ष गहिवरून म्हणाले. “चाचणी यशस्वी.”

“बुडबुडे आले म्हणजे गळतंय!”

“ताई,” चिटणीस समजुतीच्या सुरात म्हणाले, “आपणच चाचणी घ्यायची आणि आपणच नापास व्हायचं, हे समितीच्या शिस्तीत बसत नाही.”

ती कमरेवर हात ठेवून उभीच राहिली, तेव्हा कुठं पाइप बदलला आणि हीटर पेटला. मुलांच्या मनोरंजनाची सोय एका सभासदाच्या आडमुठेपणामुळे बंद करावी लागली, असा खेदही व्यक्त झाला.

मग सुरक्षित अंतराचा प्रश्न आला. समितीनं तातडीनं ‘हीटरपासून दूर राहा’ असा पुठ्ठ्याचा फलक रंगवून घेतला आणि तो सर्वांना नीट दिसावा म्हणून हीटरच्याच छत्रीला टांगला. पहिली ओळ वाचून होईतो फलकानं पेट घेतला. चौकशीअंती दोष फलकाचा निघाला. त्यानं स्वतःच सूचनेचं पालन केलं नव्हतं. पुन्हा असं घडू नये म्हणून हीटरभोवती सुतळीचं भलंमोठं रिंगण आखण्यात आलं. हीटर सभासदांपासून पूर्ण सुरक्षित झाला. सभासद सुतळीबाहेर खुर्च्या मांडून कुडकुडू लागले.

“ऊब कुठंय पण?” पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं.

“वारा नेतो, काकू,” चिटणीस म्हणाले.

म्हणून वाऱ्याच्या बाजूनं ताडपत्री बांधली. वाऱ्यानं बाजू बदलली. समितीही काही कमी नव्हती, तिनं चारही बाजू बांधल्या. आता ऊब वरून निसटते असं आढळल्यावर वरही ताडपत्री ताणली. आत सगळे बसले आणि अहाहा म्हणाले.

भिंगरीची आई मात्र दाराशीच थबकली. दार म्हणजे ताडपत्रीचा एक पदर. “अहो, हा तर बंद तंबू झाला! हीटर मोकळ्या हवेतच लावा, असं स्पष्ट लिहिलंय. बंद जागेत विषारी वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस झोपतो तो झोपतोच.”

“वहिनी, गच्ची ही मोकळी जागा आहे,” अध्यक्ष म्हणाले. “मोकळ्या जागेच्या आतली जागा मोकळीच असणार.”

“आणि ताडपत्री म्हणजे भिंत नव्हे,” चिटणिसांनी पुस्ती जोडली. “तिला खिळा तरी ठोकता येतो का?”

“वास नाही ना येत? मग बरंच आहे की बाई,” काकू म्हणाल्या.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो हलक्या आवाजात म्हणाला, “सगळे बसलेत ना? एवढ्या सगळ्यांना काय कळत नाही?”

ती भिंगरीला काखोटीला मारून खाली निघून गेली.

दुसऱ्या दिवशी कामावरून घरी आली, तर दाराला कुलूप. बापलेक कुठं असतील हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. ती जिना धावतच चढली, ताडपत्रीचा पदर बाजूला सारला.

आत विलक्षण शांतता होती. काकू घोरत होत्या. चिटणिसांची हनुवटी छातीवर टेकली होती. अध्यक्ष डोकं दाबत म्हणाले, “या वहिनी, काय निवांत वाटतंय बघा! जरा डोकं जड झालंय, पण ती उबेचीच गुंगी.” आणि भिंगरी बापाच्या मांडीवर स्वस्थ बसली होती. जन्मल्यापासून पहिल्यांदाच.

आईनं तिला उचलून उघड्यावर नेलं, नवऱ्याला बखोटीला धरून तिच्यापाशी बसवलं, आत जाऊन सिलिंडरची चावी बंद केली आणि दिसेल ती ताडपत्री टराटरा ओढून काढली. गार वारा भसकन घुसला. सगळे धडपडत उठले, शिव्या देत, उलटीचे उमासे आवरत. भिंगरीनं डोळे किलकिले केले आणि भोकाड पसरलं. इतकं गोड भोकाड आईनं कधी ऐकलं नव्हतं.

डॉक्टर आले. सगळ्यांना तपासलं आणि आणखी थोडा उशीर झाला असता तर काय झालं असतं ते सांगितलं. मग अध्यक्ष घसा खाकरून दुखावल्या स्वरात म्हणाले, “वहिनी, तुम्हाला एवढं सगळं माहीत होतं, तर आधी सांगायचं नाही का?”

“नाही तर काय!” काकू म्हणाल्या. “शिकलीसवरली पोर, पण तोंडातून एक शब्द नाही.”

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो बुटाची नाडी बांधत होता. त्याच्या पायात चपला होत्या.

आता उरलात तुम्ही. तुम्ही तर पहिल्यापासून इथंच आहात, तिनं किती वेळा सांगितलं ते सगळं ऐकलंयत. तेव्हा एकदा हात वर करून म्हणा की, ती बोलली होती म्हणून.

नाही? बरोबर आहे. थंडी फार आहे, हात खिशातच बरे.