सरुबाईचा दाखला

बायको सरुबाई दवाखान्यात वारली, हे शेजारचा सोपान सांगत आला तेव्हा महिपती मळवलीच्या खाचरात चांद्या बैलाला शिव्या देत होता. चांद्याला कितीही टोचा, तो मान वळवत नसे. पुढचं औत कोणी धरलं, ते महिपतीला आठवत नाही.

दहाव्याला इंद्रायणीकाठी पिंड मांडले. कावळे झाडावरून खाली उतरेनात.

"वैनी, तुज्या दोन कोंबड्या मी खाल्ल्या. भरून देतो," धाकटा भाऊ रखमाजी म्हणाला. कावळा हलला नाही.

"वैनी, तुजं पातेलं मीच नेलंतं," बहीण धोंडाबाई म्हणाली. कावळ्याने पाठ फिरवली. मग तिने एक लुगडंही कबूल केलं. ते कोणी विचारलं नव्हतं.

भटजींच्या गाडीची वेळ झाली. "मनातलं काही राहिलं असेल तर बोला. नाहीतर दर्भाचा कावळा करतो."

महिपतीला ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी खंडाळ्याच्या बंगल्यातल्या मडमेने सरुबाईला कामावरून काढताना इंग्रजी दाखला दिला होता. ती तो दर बंगल्यावर दाखवी. लोक वाचत, हसत आणि तिला परत पाठवत. "मास्तरला इचारा की, काय लिवलंय," ती म्हणे. "येत्या बाजारी इचारतो," महिपती म्हणे.

"सरू, दाखला वाचून घेतो. तुला सांगतो," तो म्हणाला. कावळा उतरला.

लोणावळ्याच्या दिगंबर मास्तरांनी दाखला वाचला आणि चष्मा पुसला. "एकच शब्द आहे महत्त्वाचा. स्टिफ-नेक्ड. ताठ मानेची."

"म्हंजी चांगलंच की."

"नाही हो. शब्द बैलावरून आलाय, त्यांच्या धर्मग्रंथातून. पराणी टोचली तरी मान वळवत नाही, असा बैल. हट्टी."

महिपतीने दाखला घडी करून बंडीच्या खिशात ठेवला. बंगल्यावर मडमेचा चांदीचा चमचा हरवला होता आणि आळ सरुबाईवर आला होता. तो मडमेच्याच पेटीत सापडला, तरी सरुबाई उलट बोलली म्हणून मडमेला माफी हवी होती. सरुबाईने मागितली नाही. महिपती तेव्हा बायकोशी आठवडाभर बोलला नव्हता.

"मडमेनं एकदाच लिवलं, मास्तर. मी रोज म्हनायचो."

"काय?"

"हेच. मराठीत."

वर्षश्राद्धाला कावळा लगेच शिवला. धोंडाबाईने पातेलं आणून दिलं होतं, लुगडं नाही. दाखला महिपतीच्या बंडीच्या खिशात होता. त्याने तो बाहेर काढला नाही.

सरुबाईला अर्थ सांगायचा अजून राहिला आहे.