पॉलिप वाढवणारी दुर्बीण

सन २००७ च्या जानेवारीत मीरा रोडच्या एका धर्मादाय रुग्णालयात मोठं आतडं तपासायची नवी दुर्बीण आली. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. हार नेमका कोणत्या टोकाला घालायचा, हे विश्वस्त सुभाषशेठनी डॉक्टर क्षितिजाला विचारून घेतलं.

क्षितिजा हरखली होती. जुन्या दुर्बिणीतून आतडं धुरकट दिसे. नवीत अस्तराची घडी न् घडी लख्ख. पहिल्याच आठवड्यात गोडदेवच्या काशीनाथरावांच्या आतड्यात तिला तीन पॉलिप सापडले. म्हणजे मांसाचे इवलेसे कोंब, पुढेमागे कॅन्सर होऊ शकणारे. तिने ते तिथल्या तिथे काढले.

काशीनाथराव गुंगीतून उठले ते भडकूनच.

"दोन वर्षांपूर्वी जुन्या मशीनवर पंधरा मिनिटांत सगळं नॉर्मल. आज अर्धा तास आणि तीन पॉलिप? आले कुठून?"

"तेव्हाही असतील, काका. दिसले नसतील."

"दिसत नव्हते तोवर मी ठणठणीत होतो!"

निवृत्त हेडक्लार्कच ते. तक्रार तीन प्रतींत दिली. समिती बसली. तिने आकडे मागवले: नव्या दुर्बिणीवर पॉलिप दुप्पट, वेळ दीडपट. निष्कर्ष निघाला, 'सदर यंत्र आल्यापासून परिसरात पॉलिपचे प्रमाण चिंताजनकरीत्या वाढले असून यंत्र तात्काळ बंद ठेवावे.'

"मॅडम, कंपनीवाले मशीन फास्ट आहे बोलले होते," सुभाषशेठ कुरकुरले.

"बघून लवकर होतं. सापडलेलं काढायला वेळ लागतो."

"तो इतना मत देखो ना!"

नवी दुर्बीण मखमली कापडाखाली गेली. जुनीच्या खोलीवर पाटी लागली: 'पंधरा मिनिटांत तपासणी. जादा वेळ घेतला जाणार नाही.' उत्तनपासून लोक येऊ लागले. नंबर दोन दोन महिन्यांनी लागू लागला.

एके सकाळी शालूताई टेबलावर आडव्या झाल्या. त्यांचे वडील आतड्याच्या कॅन्सरने गेलेले. क्षितिजाला राहवलं नाही.

"ताई, मी भांडून नवी काढायला लावते. काही असलं तर आजच निघेल."

"नको, डॉक्टर," शालूताई घाबरून म्हणाल्या. "असलं तर कळेल ना!"

क्षितिजाने जुनी दुर्बीण उचलली आणि सावकाश, घडी घडी उलगडत पाहू लागली. सोळावं मिनिट लागलं तसं बाहेरच्या रांगेतून कुणीतरी दार ठोठावलं, "आतमध्ये एवढं काय बघताय?"

आवाज तुमच्याआमच्यातलाच होता.