भिंत अंगावर येते

मोठ्यांनी नकाशावर जी जागा हिरवी रंगवली होती, नेमकी तीच मुलांनी काळी केली.

नदीला पूर आला तर वस्तीने कुठे जायचं, हे ठरवायची बैठक होती. वस्तीतले धोके वस्तीनेच शोधायचे आणि त्यात मुलांचंही म्हणणं घ्यायचं, असा नियम होता. म्हणून पाहणीला आलेल्या तरुणीने सभागृहाच्या जमिनीवर भला मोठा नकाशा अंथरला होता. मोठ्यांनी नदीकाठ आणि उघडा नाला लाल केला, सभागृह हिरवं केलं आणि चहा घेतला. मग मुलं आली. एकेक जण वाकला, सभागृहाच्या मागच्या भिंतीवर काळा खडू फिरवला आणि गुपचूप बाजूला झाला. शेवटी तिथे कागद फाटायची वेळ आली.

"इथे काय आहे?" तिने विचारलं.

मग सगळे जिला चष्मिस म्हणत ती मुलगी पुढे आली. "भिंत अंगावर येते."

"म्हणजे?"

"म्हणजे येते. आम्ही संध्याकाळी अभ्यासाला बसतो ना, तेव्हा. आधी बोलते, मग येते."

"काय बोलते?"

"टक्," सगळ्यांत लहान पिटुकली म्हणाली.

मोठी माणसं खो खो हसली. समितीचे अध्यक्षकाका तर पोट धरून हसले. "अहो ताई, पोरांचं काय मनावर घेता! हे सभागृह मी स्वतः उन्हात उभं राहून बांधून घेतलंय. पुरात पोरांना याच भिंतीशी बसवायचं. सगळ्यात आतली बाजू. संध्याकाळच्या बैठकीत सह्या करून टाकू."

एवढ्यात शिलाईवाल्या मावशी दारातून डोकावून गेल्या. त्यांच्या कानावर अर्धंच पडलं, पण बाहेर जाताना ते पूर्ण झालं. 'भिंत अंगावर येते' याचं गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत 'भिंतीच्या अंगात येतं' झालं. तासाभरात भिंतीला केस फुटले. दिवेलागणीला ती नावाने हाका मारू लागली. मावशींच्या दिराला म्हणे ताप भरला. तो परगावी होता, पण भरला.

संध्याकाळच्या बैठकीला सगळी वस्ती आली आणि सभागृहाबाहेरच थांबली. काकांनाही बाहेर महत्त्वाचं काम निघालं.

पाहणीला आलेली तरुणी विज्ञानाची पदवीधर; तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती एकटीच आत शिरली.

आत एकच बल्ब मिणमिणत होता. दुपारी इथे पन्नास माणसं मावली होती, आता मात्र खोली लहान वाटत होती. बाहेरची कुजबुज दाराशीच अडत होती. ती भिंतीसमोर उभी राहिली. भिंतीतून दमट, गार वास येत होता, कुणी फार दिवस तोंड मिटून बसल्यासारखा.

टक्.

तिच्या मानेवरचे केस उभे राहिले. डोळे मिटले की भिंत जवळ यायची, उघडले की जागेवर. पदवी आठवून तिने पर्समधली किल्ली काढली, दोरीला बांधली, बाकावर चढून दोरीचं वरचं टोक भिंतीला टेकवून धरलं आणि खाली पाहिलं. किल्ली झुलली, थांबली. भिंतीपासून चार बोटं दूर.

मुलांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. भिंत अंगावर येत होती.

ती धावतच बाहेर आली. "भूतबीत काही नाही! मागच्या टेकाडाची ओली माती ढकलतेय, भिंत आत कललीय! आवाज येतो तो गिलावा तडकल्याचा!"

मग मावशींनी मोठा सुस्कारा सोडला. "हात्तिच्या! कललीच आहे होय!"

आणि सगळी वस्ती आत घुसली. काका थेट भिंतीला पाठ लावून बसले. "बघा! नुसती कललीय!"

"कलायला काय, माझी कंबरसुद्धा कललीय," मावशी त्यांच्या शेजारी टेकत म्हणाल्या.

"अहो, उठा! पडेल ती!"

"पडायची तेव्हा पडेल. भूत नाही ना? मग झालं तर."

मुलं मात्र उंबऱ्याबाहेर ओळीने उभी होती. एकही आत येईना. काका उठले, त्यांनी पिटुकलीचा हात धरला आणि तिला आत ओढलं. "घाबरू नका रे! ताईंनी तपासलंय!"

ताई त्यांच्याकडे धावल्या.

टक्. या वेळी जोरात. काकांच्या टकलावर चिमूटभर माती पडली.

सगळे जागच्या जागी थिजले. काकांचा आवाज एकदम बारीक झाला. "ताई, एकदाच काय ते सांगा. आहे, की नाही?"

तिने काकांच्या मुठीतला तो इवलासा हात पाहिला.

"आहे," ती म्हणाली.

सभागृह असं रिकामं झालं की चपला आतच राहिल्या.

बाहेर, भरपूर लांब गेल्यावर, काकांनी दम घेत विचारलं, "काय मागतं ते?"

हे ताईंच्या अभ्यासक्रमात नव्हतं. पण चष्मिसने चष्मा वर सरकवला. "त्याला आत कुणी नको. माती काढून भिंत नवी बांधेपर्यंत."

"मग पुरात जायचं कुठं?"

"शाळेच्या वरच्या मजल्यावर. तिथं ते येत नाही."

हेच मुलं दुपारीही म्हणाली होती. तेव्हा 'शाळेची किल्ली कोण मागत बसणार' असं म्हणून काकांनी विषय उडवला होता. आता ते म्हणाले, "किल्ली मी आणतो."

"आणि जिन्याला कठडा."

"भुताला कठडा कशाला?"

"आम्ही पडतो ना. त्याला बघवत नाही."

"खरंय बाई," मावशी हात जोडून म्हणाल्या.

"आणि शौचालयापाशी दिवा. अंधारात आम्ही जातच नाही, धरून ठेवतो. त्याचा त्याला राग येतो."

"लिहून घ्या, ताई, लिहून घ्या!"

ताई मान खाली घालून लिहू लागल्या. त्यांच्या दुपारच्या प्रश्नांना मुलांनी दिलेली उत्तरं आता भराभर मंजूर होत होती. तेवढ्यात पिटुकलीने काकांचा सदरा ओढला.

"आणि फुटबॉल."

काकांचे डोळे बारीक झाले. त्यांनी पिटुकलीकडे पाहिलं, चष्मिसकडे पाहिलं, ताईंकडे तर फारच वेळ पाहिलं. "भुताला," ते सावकाश म्हणाले, "फुटबॉल?"

तेव्हा त्या रिकाम्या सभागृहातून आवाज आला. टक् नव्हे. लांबलचक, खरखरीत, घसा साफ केल्यासारखा.

"दोन आणतो," काका म्हणाले.